माझ्या आधी आलेला डोसा

बुधवार, ४ मार्च. घटनेची वेळ सकाळी ११.२०.
घड्याळ बघून ठेवले होते. मी आणि वन्सं साउथ इंडियन हॉटेलात नेहमीच्या टेबलावर. हे गेल्यापासून बारा वर्षं बुधवार आम्हा नणंद-भावजयीचा. बाकी सहा दिवस मी एकटी जेवते, तक्रार नाही. वेटरने न विचारता एक करड्या स्वेटरवाली आमच्यात आणून बसवली. म्हणे गर्दी आहे. ठीक. पण तिचा डोसा माझ्या आधी आला. ऑर्डर माझी आधी होती. वेटर म्हणतो, तुम्हाला कडक लागतो, वेळ लागणारच. बारा वर्षं कडकच खाते. आजच तवा थंड पडला?
वर त्या बाईने आपल्या डोशाचा तुकडा मोडून वन्संच्या ताटलीत ठेवला. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर अशा हातावर पट्टी मारायच्या. वन्संनी तो खाल्ला. चटणी लावून.
मी न खाता उठले. दुपारी बेल वाजली. उघडले नाही. रागात माणसाने दार उघडू नये.

गुरुवार, ५ मार्च.
बहिष्कार. वन्संना फोनवर कळवले. त्यांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. म्हणजे पटले.

रविवार, ८ मार्च.
हॉटेलवाचून कोणाचे अडत नाही. घरी डोसे केले. चार तव्याला चिकटले. तवा सदोष. पाचवा चमच्याने खाल्ला.

बुधवार, ११ मार्च. ११.०५.
हॉटेलसमोरच्या औषधाच्या दुकानात आहे. योगायोग.
११.१५. वन्सं आल्या. बहिष्कार मोडला. घरचा भेदी.
११.१८. स्वेटरवाली. आमचेच टेबल. माझ्या खुर्चीवर वन्संनी आपली पर्स ठेवली. इतक्या लवकर माझी जागा पर्सला.
११.३०. वन्सं हसल्या. चष्मा काढून डोळे पुसण्याइतक्या.
दुकानदाराने तिसऱ्यांदा विचारले, आजी, काय देऊ? खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. खोकला नाही.

गुरुवार, १२ मार्च.
मी फोन करणार नाही. चूक ज्याची, फोन त्याचा. बिघडला असेल म्हणून शेजारणीला रिंग द्यायला सांगितली. बिघडलेला नाही.

शुक्रवार, १३ मार्च. सकाळी ९.४०.
वन्संचा फोन. मी थंडपणे बोलले. त्या दिवशी दुपारी माझा डोसा बांधून घेऊन बेल वाजवणाऱ्या त्याच होत्या म्हणे. मी म्हटले, कडक डोसा बांधून नेला की मऊ पडतो, एवढेही कळू नये? त्यावर त्या म्हणाल्या, "वहिनी, परवा तुमच्या खुर्चीवर पर्स ठेवून तासभर जागा धरली. तीन माणसं परत पाठवली. आता वेटर ओरडतो. येणार की नाही, तेवढं एकदा सांगा."
मी म्हटले, विचार करून कळवीन.
गोळी चघळली. घसा थोडा दुखतोच आहे.

११.००.
हॉटेलमालकांस पत्र लिहिले. स्वतः नेऊन देणार. मजकूर:
४ मार्चला ११.२० वाजता माझा डोसा इतरांच्या मागून का आला, याचा खुलासा करावा. यापुढे आमच्या टेबलावर तीन खुर्च्या राखाव्यात. तिन्ही डोसे एकाच वेळी यावेत. त्यासाठी माझा थोडा मऊ राहिला तरी चालेल. उत्तर लेखी हवे, मंगळवार १७ मार्च, संध्याकाळी सहाच्या आत. न आल्यास बुधवारी सव्वाअकराला मी जातीने येऊन जाब विचारीन, आणि उत्तर मिळेपर्यंत उठणार नाही.