बाहेर बसवलेले तीन टेट्रा

प्रिय नोला,

अनेक आशीर्वाद, तुझ्या नवऱ्याला, डगलाही सांग. तिकडे केर्न्सच्या उन्हात तुमचे गुडघे आणि कॅरॅव्हॅनची चाकं धडधाकट असतील असं धरून चालतो. इथे वॉर्नांबूलला जुलै, म्हणजे ऐन हिवाळा सुरू आहे. मी दोन स्वेटर घालून बसतो आणि तुझे बारा टेट्रा मासे पंचवीस अंशांत मजा मारतात. घरात हीटर एकच चालू आहे, तो त्यांचा.

जाताना तू दोन गोष्टी ठेवून गेलीस, ही टाकी आणि जिलाँगला तुमच्या घराजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतीचा अर्ज. अर्जाचं मागाहून बोलू. (बोलणार नाही.) माशांनी मात्र मला पार दमवलंय बाई. दिवसभर एकमेकांच्या मागे धावणं, शेपट्यांना तोंड लावणं, आणि दाणे टाकले की झुंबड. मी तीस वर्षं गावच्या फुटबॉलला पंच होतो (त्यात दोन दात गेले, ते तुला ठाऊक आहे). दांडगाई दिसली की खेळाडूला बाहेर बसवायचं, एवढंच मला येतं. म्हणून तिघा म्होरक्यांना जाळीने धरलं (त्यात दुपार गेली, कारण धरताना ते सगळे एकसारखेच दिसतात) आणि त्याच टाकीचं पाणी घालून आईच्या ट्रायफल पुडिंगच्या काचेच्या भांड्यात, चुलीशेजारी, दहा मिनिटांची शिक्षा म्हणून ठेवलं. दहाचे दोन दिवस झाले, कारण घरात शांतता झाली होती.

पण ती शांतता काही खरी नव्हती. टाकीतले नऊ झाडामागे लपले, दाण्यांनाही येईनात. भांड्यातले तिघे तर लालाचे पांढुरके झाले आणि तळाशी तोंडं फिरवून बसले. तेवढ्यात आमची शेजारीण स्टाव्रूला पालक भरलेली खारी पेस्ट्री घेऊन आली. ती भांड्यात वाकून बघत म्हणाली, "मर्व्हिन, मेल्या, हे भांडत नव्हते, खेळत होते! कळपातला मासा आहे हा. तुला गप्प बसणारं काही हवं असेल तर दगड पाळ." मग माझ्या बशीतलं कालचं अर्धं सँडविच बघून म्हणाली, "तू तरी कुणाबरोबर जेवतोस रे?" मी पेस्ट्रीची कृती विचारली.

ती गेल्यावर तिघांना परत सोडलं. पाच मिनिटांत पुन्हा तोच दंगा! शिट्टी खिशातच होती, पण मी वाजवली नाही. खुर्ची ओढून बघत बसलो. पेस्ट्रीही तिथेच खाल्ली.

तुझा थकलेला दादा,
मर्व्हिन

ता.क. अर्ज हरवलेला नाही. टाकी डावीकडे कलत होती, म्हणून घडी घालून तिच्या पायाखाली दिलाय. कागद दणकट आहे.

ता.क. २. तो आता भिजलाय, तेव्हा नवा पाठवायला सांग. आणि तिथल्या खोलीत टाकी चालते का, ते आधी विचार. मासे परत मागू नकोस. अर्जात पहिल्याच ओळीत 'राहणारे किती जण?' असं विचारलंय, तिथे मी तेरा लिहिणार आहे.