शेवटच्या गाडीचं कडं

अण्णा,

तुमच्याबद्दल मी एक खोटं बोललो होतो. ते काल पुस्तकात छापून घरी आलं.

आखातात रुवैसला असताना आमच्या साइटवर एक म्हातारा ऑस्ट्रेलियन फोरमन होता. दिवसभर सगळ्यांवर खेकसायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत सावलीला बसून स्वतःच्या गावाचा इतिहास लिहायचा. त्याचं गाव रेल्वेनेच उजाड माळावर वसवलेलं. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून आधी टाकी आली, टाकीमागून शेड, शेडमागून घरं, शाळा, नाचाचा हॉल. मग डिझेल आलं. डिझेलला पाणी नको, म्हणून गाड्या थांबेनात, आणि माणसं एकेक करून उठून गेली. त्याचे वडील तिथे सिग्नलवर होते. ऐकताना मला वाटलं, हा आपलंच गाव सांगतोय. मी म्हणालो, "माय फादर ऑल्सो रेल्वे. पॉइंट्समन." त्याने वहीचं नवं पान काढलं.

मग मी सांगत सुटलो. आपली नॅरोगेज, शेडच्या भोंग्यावर आईचं भात टाकणं, आणि तुमचं ते वेताचं कडं. त्याला चामड्याची पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. मी सात वर्षांचा असेन. तुमचा डबा घेऊन स्टेशनवर येतो, बाकावरचं कडं गळ्यात घालतो आणि इंजिन होऊन थेट गोदामामागे पळतो. इकडे गाडी शिट्ट्या मारत खोळंबलेली. तुम्ही मला शोधून काढून एक सणसणीत ठेवून दिली. "हे हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. एका रुळावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर तू थांबवणार आहेस का?" संध्याकाळच्या गाडीला मात्र तुम्ही मला उचलून घेतलंत आणि ते कडं माझ्या हातून ड्रायव्हरला दिलंत. त्यानंतर मला कुणी इतका मान दिल्याचं आठवत नाही.

फोरमनने विचारलं, शेवटच्या दिवशी तुझ्या वडिलांनी काय केलं?

अण्णा, तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. 'नॅरोगेज बंद होतेय. ब्रॉडगेज गावाबाहेरून जाणार. शेवटच्या गाडीला कडं मीच देणार आहे. जमलं तर ये.' मी उत्तर लिहिलं, रजा मिळत नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. आई तर आधीच गेली होती, कॉलनी रिकामी झाली होती, विचारायला कुणी उरलं नव्हतं. आणि समोर हा माणूस पेन घेऊन बसलेला. मी म्हणालो, इंजिनाला माळा घातल्या होत्या, अख्खं गाव प्लॅटफॉर्मवर लोटलं होतं. वडिलांनी कडं पुढे केलं, पण हातातून सोडलंच नाही. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "सोडा आता." मी शेजारीच उभा होतो. फोरमनने डोळे पुसले. "यू आर अ लकी सन," म्हणाला. एरवी शिव्यांशिवाय न बोलणारा माणूस.

आता आम्ही शारजात, अल मजाजला राहतो. त्याने आठवणीने पुस्तक पाठवलं. साइटवरच्या मित्राचे वडील म्हणून त्यात तुमचं एक पान आहे. तुमच्या नातीने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "बाबा, यू वेअर रिअली देअर?" मी हो म्हणालो आणि चहा ठेवायला उठलो. ती ते पान शाळेच्या प्रोजेक्टला लावणार आहे. तिला मी अडवलं नाही. इतक्या वर्षांनी अडवायचं बळही राहिलेलं नाही. खोटं इतकं मुरलंय की डोळे मिटले तर मला त्या माळासुद्धा दिसतात.

हे पत्र कुठे टाकणार? त्याच पानात घडी घालून ठेवेन म्हणतो, पण ते लेकीच्या हाती लागेल, म्हणून तेही करवत नाही. निदान तुम्हाला तरी खरं सांगतो. रजा कुणी नाकारली नव्हती. मी ती मागितलीच नाही. कडं दिल्यानंतरचे तुमचे रिकामे हात बघायची माझी छाती झाली नाही. गाडी गेल्यावर तुम्ही घरी कसे आलात, कुणी सोबत होतं का, त्या दिवशी जेवलात का, यातलं मला काहीच माहीत नाही.