पूर्ण जांभई

आई, तुझी सून या हिवाळ्यात गेली. हे तुला कळवायला हवे असे सारखे वाटत राहते, म्हणून लिहीत आहे.

तिच्या फुफ्फुसाभोवती पू साठला होता. आधी न्यूमोनिया समजून उपचार झाले. मग पाठीतून सुई घातली, तर पू इतका दाट की सुईत येईना. शेवटी नळी घालून तो काढला आणि तपासणीत क्षय निघाला. ते ऐकून मला धीरच आला, कारण तुलाही तरुणपणी तेच झाले होते आणि तू बरी झाली होतीस. नाशिक रोडच्या क्वार्टरमध्ये तू ओट्याशी वाकलीस की पोलक्याखाली पाठीवरचा व्रण दिसे. मी एकदा त्याविषयी विचारले, तर तू म्हणालीस, "झालं गेलं. जेव गुमान." मी जेवलो.

गोळ्यांनी तिचा ताप गेला, धाप राहिली. सर्जन म्हणाले, "काका, फुफ्फुसावर जाड साल धरलीय. ती सोलल्याशिवाय ते फुगणार नाही." त्यांनी ती सोलली. त्यानंतर कुशीत नळी आणि पलंगाखाली बाटली अशी ती पडून असे. फुफ्फुस उघडले तरच ती वाचणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. श्वास ओढून चेंडू उचलण्याचे एक यंत्र तिला दिले होते. "एक उठतो हो," ती म्हणे, "बाकीचे दोन तुमच्यासारखे. जागचे हलत नाहीत."

एका दुपारी तिने विचारले, "आईंना कसं कळलं हो, श्वास परत आला ते?" मला ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "जांभई पूर्ण आली म्हणे." असे का म्हणालो, सांगता येत नाही. तेव्हापासून ती जांभईची वाट पाहू लागली. तोंड उघडे, डोळे मिटत, मध्येच कळ येई आणि जांभई तुटे. ती माझ्याकडे पाही, मी खिडकीबाहेर. नर्ससुद्धा विचारू लागल्या, "काकू, आली का?" "निघालीय," ती सांगे. "पिंपळगावपर्यंत पोचलीय."

एका सकाळी मी औषधे घेऊन आलो, तर ती म्हणाली, "आली बरं का. पूर्ण. नेमके तुम्हीच नव्हतात."

थोड्या वेळाने बाहेर सर्जनांनी मला एक्स-रे दाखवला. फुफ्फुस आदल्या दिवशी होते तेवढेच होते, आणि पू पुन्हा साठू लागला होता. पुढे करण्यासारखे फारसे उरले नव्हते.

तिला खरोखर तसे वाटले, की माझ्यासाठी ती तसे म्हणाली, हे आता कोणाला विचारावे? तुला नेमके कसे कळले होते, तेही विचारायचे राहूनच गेले. हे पत्र जाणार कोठेच नाही, म्हणून एवढे लिहितो. एक्स-रे पाहिल्यावर मी खाली उतरलो, पेढे घेतले आणि ते घेऊन तिच्याकडे गेलो. तिने अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा तिने मला भरवला, आणि मी तो खाल्ला.