टोचलेली कासवं

१६ एप्रिल
आजही एक नाही! पहाटे जाळं लावलं, कासवं आली, पण सगळी कोरी. स्कॅनर मुका.

हिवाळ्यात याच काठावर, विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्यात, मी स्वतः कासवांना चिपा टोचल्या. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची चिप, मागच्या पायाच्या मुळाशी, कातडीखाली. तिच्यात एक नंबर. स्कॅनर अगदी अंगाला लावला की वाजतो आणि नंबर दाखवतो. बस्स. लांबून तिचं काही कळत नाही. म्हणून तर पाठीवर लाल नेलपॉलिशची टिकली लावली, काठावरून ओळखू यावीत म्हणून. एकही टिकलीवालं दिसेना. गेली कुठं?

कोकणात समुद्री कासवांवर काम करायचे तेव्हा हीच चिप, हाच स्कॅनर. टोचलेली मादी पुन्हा त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला आली, स्कॅनर वाजला, आणि मी सगळ्यांसमोर वेड्यासारखी रडले. इथल्या नदीत तो आवाज ऐकायचा म्हणून मराठवाड्यात परत आले. सगळ्यांनी खुळ्यात काढलं तरी आले.

प्रोजेक्ट चालवणारे सर फोनवर म्हणाले, कुणीतरी खात असणार. जूनपर्यंत एकही परत सापडलं नाही तर प्रोजेक्ट बंद. नंतर लातूरहून आईचा फोन. इथं नळाला पाणी येईना आणि आमची देविका कासवं हुडकत फिरतेय म्हणे! हसले. मग उगाच चिडून फोन ठेवला.

१८ एप्रिल
कोरी. ऊन मी म्हणतंय. डोकं दुखतंय.

२१ एप्रिल
सापडलं. आणि नसतं सापडलं तर बरं झालं असतं.

माझं सामान काठावरच्या गावातल्या हणमंतमामांच्या आखाड्यावर असतं. शेतातला गोठा, एक लिंबाचं झाड आणि विहीर. मामा आणि त्यांची बायको नीलामावशी, नात्याचे नाहीत, पण दोघंही जीव लावतात. जेवल्याशिवाय मावशी मला नांदेडच्या गाडीत बसू देत नाहीत. आज भाकरी खाऊन हात धुवायला उठले, सहज विहिरीत डोकावले. खालच्या पायरीवर कासव. पाठीवर लाल टिकली!

मी काही बोलायच्या आत मावशीच कौतुकानं म्हणाल्या, "बसलंय का वर? तुमीच टोचलेलं हाय की ते."

विहिरीत कासव सोडतात हे मला ठाऊक होतं. घाण खातं, पाणी निवळ राहतं. आमच्या आजोळीही होतं. पण पूर्वी हाताला लागेल ते आणायचे. आता म्हणे कोऱ्या कासवाला कुणी विचारत नाही. लेकराला दवाखान्यात टोचतात तसं ताई कासवाला टोचते, मग त्याला रोगराई नाही, ते हिरीत सोडलं की पाणी बाधत नाही. टिकली बघून बघून नेली सगळ्यांनी. मावशींच्या नणंदेनं तर एक पिशवीत घालून एसटीनं कंधारला नेलं.

मला हसूच फुटलं. मावशीपण हसल्या. मग तिथंच धोंड्यावर बसले. ज्यांना मोजायला आले, ती मीच नदीतून वेचून दिली की लोकांना! टिकली लावून!

२२ एप्रिल
सरांना सांगितलं. म्हणाले, वनविभागाला कळव, कायद्यानं गुन्हा आहे, पंचनामा होऊ दे, म्हणजे आपल्यावर ठपका नको. मी आठवडाभराची मुदत मागून घेतली. पंचनामा होणार तो पहिला हणमंतमामांच्या विहिरीचा. मी त्यांच्याच घरची भाकरी खाते.

झोप नाही.

२४ एप्रिल
लिंबाखाली सगळ्यांना जमवलं. समजावलं — ती लस नव्हे, नुसता नंबर आहे, माणसाच्या आधारसारखा. त्यानं कासवाचा रोग जात नाही, पाणीही शुद्ध होत नाही. नदीत नेऊन सोडा, हात जोडते. लोकांनी शांतपणे ऐकलं. चहा पाजला.

मग हणमंतमामा बोलले. मला दुखवायचं नव्हतं त्यांना, शब्द शोधून बोलत होते. "ताई, तुमचं खरं असंल. पर ऐन उन्हाळ्यात हिरीतलं कासव काढलं की झरा रुसतो. पानी गेलं तर आमी काय करावं? पाऊस पडू द्या, मग बगू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. किशनराव म्हणून एक म्हातारे आहेत, त्यांनी भावाच्या विहिरीची हकिकत सांगितली. कासव काढलं आणि महिन्यात तळ दिसला. विहिरी खोल गेल्यात हे तर डोळ्यांना दिसतंय. जनावरांना पाजायचं काय ही त्यांची काळजी खोटी थोडीच आहे!

पण पावसाळ्यापर्यंत माझ्याकडे वेळ नाही. आणि सर थांबणार नाहीत.

२६ एप्रिल
शिवारातल्या विहिरी बघत हिंडले. एका ठिकाणी तर दोन कासवं, पाणी गुडघाभर, वरून मोटरीचा पाइप. आतून वर यायला पायऱ्याही नाहीत. राग आला. लोकांचा, सरांचा, माझा.

२९ एप्रिल
खोटं बोलले.

आज आठवडा संपला. सरांनी सकाळीच विचारलं, कळवलंस का? मी थेट आखाड्यावर गेले. मामा, किशनराव, आणखी चार-पाच जण होते. माझा आवाजच चढला. मी म्हणाले, कासवांच्या अंगात मशीन आहे. कोणतं कासव कुणाच्या हिरीत, ते नांदेडच्या ऑफिसात पडद्यावर दिसतंय. सरकारला आपली मशीन परत पाहिजेत. नाही मिळाली तर गाडी येईल आणि घरोघरच्या माणसाला घेऊन जाईल.

मावशी आत गेल्या. जेवायला थांबा म्हणाल्या नाहीत. पहिल्यांदाच.

गाडीत बसल्यावर तोंड कडू झालं. पण दुसरं काय करायचं होतं? हात जोडून झालं. केस झाली असती तर मामांना कोर्टाचे खेटे घालावे लागले असते. धाकानं का होईना, कासवं नदीत जातील आणि माणसंही वाचतील. मी दोघांचंही भलंच केलं — असं दिवसभर स्वतःला सांगते आहे.

२ मे
काम झालं!! रस्त्यातच दिसलं, किशनरावांच्या विहिरीत दोर सोडून कुणीतरी उतरलं होतं, वर टोपली धरून दोघं उभे. मामा भेटले. नजर वर केली नाही, पण म्हणाले, सोय लावून राहिलो, एक-दोन दिसांत समदं तुमच्या हवाली करतो, तुमी तेवढी गाडी थांबवा. मी म्हटलं, नाही येणार गाडी, माझा शब्द!

सरांना कळवलं, केस नको, लोक स्वतःहून परत करतायत. सर खूश. मला तर नाचावंसं वाटतंय. पाऊस झाला की मामांना खरं सांगेन, पाय धरीन. रागावतील, रागावू देत. आईला फोन केला, उगाचच. आंबे खाल्लेस का विचारत होती. येताना घेते म्हटलं.

४ मे
उद्या जाते. स्कॅनर रात्रभर चार्जिंगला. नदीवर आधी कोणतं वाजेल?

५ मे
मावशी आखाड्यावर माझीच वाट बघत होत्या. कागदाची पुडी हातावर ठेवली. आत माझ्या चिपा, धुतलेल्या. काहींना हळद लागलेली.

"समद्यांच्या मशिनी हाईत. आता गाडी येनार न्हाई न्हवं?"

कासवं कुठं आहेत म्हणून विचारलं. म्हणाल्या, ज्यांच्या पायातून निघाली ती हळद लावून परत हिरीत सोडली. ज्यांच्यात सापडेना, ती फोडावी लागली.

पुडीवर स्कॅनर धरला. एकेक नंबर वाजला.