साठाचा पट

सोमवार, ३
हात दाखवून अवलक्षण! मीटिंगमध्ये "वेबसाइट ना, मी करते" म्हणाले आणि सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. मी गणिताची बाई. सुट्टीत वेबसाइटचा एक कोर्स केला, तेवढंच माझं ज्ञान. मोठ्या बाईंनी वरच्या ऑफिसचं पत्र वाचलं — पहिलीची नावनोंदणी यंदा कागदावर नाही, शाळेच्या वेबसाइटवरूनच. पंधरा तारखेला पाचपर्यंत साठ नावं आली नाहीत तर पहिलीचा वर्ग बंद. पहिलीच बंद, म्हणजे चार वर्षांत शाळाच संपली.

मंगळवार, ४
कोर्समधलं फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, घेऊन घरी फॉर्म केला. छान चालतो. होस्टिंगवर, म्हणजे शाळेने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चढवला — नऊ हजार फायली, पाच तास. उघडलं तर पांढऱ्या पानावर "५००". म्हणजे सर्व्हरवर काहीतरी बिघडलंय; काय, ते सांगत नाही.

बुधवार, ५
होस्टिंगवाल्यांच्या चॅटवर एक माणूस आहे. प्रत्येक वाक्य "कृपया"ने सुरू. "कृपया ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा." उघडला. "कृपया चोवीस तास थांबा." म्हटलं, सर्व्हरवर मला दोन कमांड चालवू द्या. तर म्हणे, "कृपया लक्षात घ्या, सर्व्हर सामायिक आहे." म्हणजे दोनशे बिऱ्हाडं, एक जिना, आणि मीटरच्या खोलीची किल्ली फक्त ह्याच्याकडे.
घरी हे म्हणाले, "प्लग काढून परत लाव." इलेक्ट्रिशियनशी लग्न केलं की हेच ऐकायचं.

शुक्रवार, ७
फॉर्म ज्या भाषेत लिहिलाय ते पीएचपी सर्व्हरवर जुनं निघालं. नवं निवडलं, ५०० गेलं. आता साइट उघडली की सगळ्या फायलींची यादी दिसते, अख्ख्या जगाला! फ्रेमवर्कचं दार आतल्या एका फोल्डरमध्ये असतं, आणि हा सर्व्हर येईल त्याला थेट माजघरात नेतो. दुपारभर फोल्डर हलवले. ५०० परत.

शनिवार, ८
मोठ्या बाई तीनदा दारात येऊन गेल्या. "अहो, झालं का?" तिसऱ्यांदा मी तोडूनच बोलले. त्या निघून गेल्या. त्यांची स्वतःची पहिली ह्याच शाळेत झाली. फार वाईट वाटलं मला.

सोमवार, १०
काखेत कळसा! सेटिंग्जची फाइल मी चढवलीच नव्हती. तिच्या नावाआधी टिंब असतं, आणि टिंबाने सुरू होणाऱ्या फायली कॉम्प्युटर दाखवत नाही. मी मुलांना वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्या म्हणून ओरडते, ही मंडळी सुरुवातीलाच देतात. सांगितलं कोणी, तर 'कृपया'ने. इतके दिवस कुठे होतास रे बाबा? साइट चालू झाली. नोंदणी सुरू.

बुधवार, १२
एकतीस.

शुक्रवार, १४
अठ्ठावन्न. कवायतीचे सर घरोघर जाऊन लोकांच्या मोबाइलवर फॉर्म भरून घेतायत. घसा बसलाय त्यांचा.

शनिवार, १५
चार वाजता साइटवरचा आकडा साठ झाला. मोठ्या बाई मला धरून सगळ्यांसमोर रडल्या. मीही. आकडा ऑफिसला कळवला, खाली सही माझी. पाचला फॉर्म बंद.

सोमवार, १७
यादी छापायला घेतली. पहिलंच नाव — चाचणी चाचणी. वय पाच. आईचं नाव, चाचणी. दहा तारखेला मीच भरलेलं, फॉर्म चालतो का बघायला. मुलं एकोणसाठ. खाली मोठ्या बाई पहिलीचा वर्ग रंगवून घेतायत.