उचललं तिथेच ठेवायचं

सोमवार, ३ जून

नोकरी लागली! टेकडीच्या टोकावरचा गोल लाकडी मनोरा आजपासून माझ्या ताब्यात. पाटीवर नाव आहे 'कॅमेरा ऑब्स्क्युरा'. अवघड आहे, म्हणून एकेक अक्षर पाटीवरून पाहून उतरवलं. गावात मात्र सगळे 'अंधारी' म्हणतात. मालकीणबाई मिसेस स्किलिकॉर्न खाली तिकिटं विकतात. त्यांनी मला हेरिंग मासे आणि उकडलेले बटाटे वाढले आणि म्हणाल्या, खा रे पोटभर, वाळक्या काटकीला बघायला कोणी पैसे देत नाही.

खोलीचं दार लावलं की मिट्ट काळोख. मग छपरातला आरसा आणि भिंग मिळून सगळा गाव खालच्या पांढऱ्या टेबलावर उतरवतात. बंदर, धक्का, घोड्यांची ट्राम, नखाएवढी माणसं. ती चालतात, वाऱ्यात टोप्या सावरतात, पण आवाज कसलाही नाही. टेबलाचा मोठा भाग समुद्रच व्यापतो.

धाकट्या बहिणीला, व्हॉरीला, लगेच पत्र टाकलं. आई गेल्यापासून ती पील गावी मासे धुरावण्याच्या कारखान्यात राबते. हंगामभर टिकलो तर तिला इथे आणीन. लिहिलं की भेटायला येशील तेव्हा निळी टोपी घाल आणि धक्क्याच्या अगदी टोकाला उभी राहा, मी तुला वरून पाहीन.

गुरुवार, ६ जून

माझ्याआधी म्हातारे क्रेगीन हे काम करत. आता त्यांना नीट दिसत नाही. त्यांनी मला पुठ्ठ्याचा खेळ शिकवला. चित्रातल्या माणसाच्या वाटेत पांढरा पुठ्ठा धरायचा. तो आपसूक चालत पुठ्ठ्यावर येतो. पुठ्ठा अलगद वर घेतला की माणूस हवेत! बायका किंचाळतात, पोरं नाचतात.

नियम दोनच, म्हणाले. उचललं तिथेच ठेवायचं, शेजारणीच्या कपबशीसारखं. आणि समुद्राचा देव मननान, त्यानं पांघरूण ओढलं, म्हणजे समुद्रावरून धुकं येऊन चित्र विझलं, तर हात जागचा हलवायचा नाही. चित्र परत येईपर्यंत धरून राहायचं. एकदा त्यांनी एका पाद्रीबाबांना असंच ताटकळत धरलं होतं. बाबांचं प्रवचन चुकलं आणि खूश होऊन गावानं यांना बियर पाजली. सांगताना हसून हसून त्यांना ठसका लागला. मीही हसलो.

मंगळवार, ११ जून

आज गर्दी. किनाऱ्यावर खुर्च्या भाड्याने देणारे मिस्टर क्वर्क लंगडत चालतात, त्यामुळे वरूनही ओळखू येतात. त्यांना उचललं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात धुकं आलं आणि टेबल नुसतं पांढरं झालं. लोक काळोखात दाराकडे रेटू लागले, त्यात मला धक्का बसला. थोडा वेळ पुठ्ठा धरला, मग वाटलं, चित्रच तर आहे. अंदाजाने खाली ठेवला.

पुठ्ठा किंचित जड लागला होता. वर मधमाशी बसावी इतका. भास असणार.

बुधवार, १२ जून

मिस्टर क्वर्क सापडले. खाडीच्या मध्यात, हेरिंगच्या जाळ्यात. होडी नाही. पोहता येत नव्हतं. पायात बूट होते, नाड्या नीट बांधलेल्या. धुक्याआधी लोकांनी त्यांना रस्त्यावर पाहिलं, नंतर कोणीच नाही. मिसेस स्किलिकॉर्न म्हणाल्या, ढोसली असेल. पण ते थेंबालाही शिवत नव्हते.

मी टेबलापाशी गेलो. पुठ्ठा ठेवला ती जागा पाहिली. बोटभर चुकलो होतो. इथे बोटभर म्हणजे समुद्र.

शुक्रवार, १४ जून

क्रेगीनना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. धक्का बसला म्हणून ठेवलास, की कंटाळलास, एवढंच विचारलं. मग स्वतःच म्हणाले, सांगितलं होतं ना रे पोरा, धरून राहायचं. आणि दार लावून घेतलं.

गुरुवार, २० जून

पुठ्ठ्याचा खेळ करणार नाही असं कळवलं. मिसेस स्किलिकॉर्न म्हणाल्या, मग काय नुसता उभा राहणार? त्याला खांब आहे माझ्याकडे. रविवारपर्यंत शुद्धीवर ये, नाहीतर चालू लाग.

व्हॉरी शनिवारी येते आहे. धक्क्यावर थांबू नकोस, सरळ वर ये, असं पत्र टाकलं. वेळेत पोहोचू दे.

शनिवार, २२ जून

उजव्या हाताने लिहितो आहे. दार अर्धं उघडं, तेवढाच उजेड.

ती आली. निळी टोपी, पायाशी टोपली. धक्क्याच्या टोकाला उभी राहून वर हात हलवत होती. दुसरं पत्र मिळालं नसावं. एका पाहुण्या बाईंनी हट्ट धरला, ती निळी चिमणी उचला ना. मी नाही म्हणालो. मिसेस स्किलिकॉर्ननी पुठ्ठा हिसकावला आणि तिला उचललं. मी ओरडलो, ती माझी बहीण आहे. त्या म्हणाल्या, मग तिला तिकीट माफ. सगळे हसले.

आणि टेबल पांढरं झालं.

त्या पुठ्ठा टाकणार इतक्यात मी खालून हात घातला. तिथेच धरला. हलला नाही. हलला नसावा. लोक गेले. त्याही गेल्या, येडा कुठला म्हणत.

नंतर —

धुकं तसंच. टेबलावर धक्का बोटभर रुंद. तिन्ही बाजूंना पाणी. नखभर इकडे-तिकडे झालं तर —

डावा हात बधिर. कोपर बरगडीला टेकवलं आहे.

खालून मिसेस स्किलिकॉर्न विचारतात, तुझी बहीण गेली कुठे, धक्क्यावर नुसती टोपलीच आहे. आवाजात हसू नाही.

संध्याकाळ —

धुकं विरतंय. पण सूर्यही — तो गेला तर चित्र एकदम सकाळी. सकाळपर्यंत हात —

पुठ्ठा जड आहे. मधमाशीएवढा. ती आहे. अजून आहे.

वजन सरकतंय, चालते आहे. अंधारात तिला पुठ्ठ्याची कड दिसत नसणार —

व्हॉरी, मधोमध बस. दादा आहे इथे. धरलंय तुला. थरथरतो तो माझा हात, तू घाबरू — तिकडे नको, कडेला न