न येणाऱ्यांचं गणित

२५ ऑगस्ट
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात.
मॉडेल तयार. लोक बसचं तिकीट काढतात, येत नाहीत, सीट रिकामी जाते. किती जण येणार नाहीत ते माझं गणित आधीच सांगतं आणि कंपनी तेवढी तिकिटं जादा विकते. फेब्रुवारी ते जुलैचा डेटा. मॅनेजर मंजुनाथनी विचारलं, चुकून सगळेच आले तर? म्हटलं, सर, बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमधून? ते हसले. म्हणजे परवानगी.

२९ ऑगस्ट
तरी सोय करून ठेवली. सगळे आलेच तर कुणाला उतरवायचं ते मॉडेलच ठरवेल. एकटा प्रवासी, सवलतीचं तिकीट, आजवर एकही तक्रार नाही, असा माणूस पहिला. कंपनीला डोकेदुखी नको. ऐन वेळी कुणी हात घालायचा नाही, हेही मंजुनाथना लेखी दिलं. चहा गार व्हायच्या आत काम संपलं. कधीकधी स्वतःचंच कौतुक वाटतं.

३ सप्टेंबर
बायकोचं, स्वानंदीचं, घरी चिपळूणला जायचं तिकीट काढलं, १७ तारखेचं. १८ला गौरीपूजन. आई म्हणते, नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे सुपांत फळं-वाण भरून गौरीला ओवाळणं, लग्नानंतरच्या पहिल्याच गौरीला. चुकला की पहिला ओवसा परत नाही. लग्नापासून दोघी याच तयारीत आहेत. मी इथेच थांबणार, सणाच्या गर्दीत मॉडेलपाशी जाणता माणूस हवा. स्वानंदी पूर्ण भाडं भरू म्हणत होती. मी स्टाफची सवलत लावली. भोळी आहे ती.

१० सप्टेंबर
टेस्टिंगमधली पवित्रा म्हणते, गौरी-गणपतीपुरतं मॉडेल बंद ठेवा, सणाला घरी निघालेला माणूस गाडी चुकवत नाही. तिच्या मते माझ्या डेटात हा सणच नाही. खरंय. पण माणसं तीच ना?

१७ सप्टेंबर, दुपारी
सगळं कंट्रोलमध्ये. फक्त रिंग रोड मोकळा दिसतोय. निम्म्या शहराने वर्क फ्रॉम होम घेतलंय म्हणे.

संध्याकाळी
यशवंतपूरच्या बसथांब्यावरून स्वानंदीचा फोन. ओवशाची सुपं घेऊन तासभर आधीच पोचली. म्हणाली, इथे सगळेच आधी आलेत रे.

थोड्या वेळाने
बस भरली, माणसं उरली. मॉडेलने तीन नावं काढली. पहिलं नाव वाचलं. परत वाचलं. मंजुनाथना फोन करून अक्षरशः गयावया केली. ते म्हणाले, हात घालायचा नाही हे तुम्हीच लिहून दिलंय.
कंडक्टर तिला म्हणाला, स्वल्प अॅडजस्ट माडी अक्का, म्हणजे जरा सांभाळून घ्या ताई, आणि दार लावलं. दुसरी गाडी नाही. टॅक्सीवाले चिपळूण ऐकताच फोन ठेवतात.

१८ सप्टेंबर
चिपळूणला गौरीपूजन चालू असेल. आईचे दोन फोन येऊन गेले. उचलायची हिंमत नाही.
काल घरी आल्यावर स्वानंदीने एकच विचारलं, “कुणाला उतरवायचं हा नियम कुणी लिहिला?”
मी म्हणालो, टीमने. ती सुपं उचलून आत गेली. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.
आत्ता मंजुनाथचा मेल आला. उतरवलेल्यांपैकी दोघांनी फार आरडाओरडा केला. पहिल्या नावाची मात्र तक्रार नाही, तिथे मॉडेल अचूक. दिवाळीला सगळ्या मार्गांवर लावायचं. अभिनंदन.
स्वानंदीला म्हटलं, निदान तक्रार तरी नोंदव. ती सुपांतली फळं काढून फ्रिजमध्ये ठेवत होती. ठेवत राहिली.